हात मोकळे ठेवणारे दिवे: निवडायचे कसे, लावायचे कसे

सिंकखाली आडवं पडून नट सोडवताना टॉर्च दातांत धरावा लागला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मोबाईलचा फ्लॅश लावून तो कशाला तरी टेकवायचा, तो घसरणार, पुन्हा टेकवायचा, हाही प्रकार तुम्ही केलाच असेल. डोक्याला बांधायचे, गळ्यात अडकवायचे, टोपीला खोचायचे, लोखंडाला चिकटवायचे असे दिवे आता सहज मिळतात. गोंधळ होतो तो निवडताना. पहिल्यांदा घेणारा खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा बघतो, त्यातला सगळ्यात मोठा उचलतो, आणि चार दिवसांनी तो दिवा खणात जातो.

दुरुस्ती, शिवण आणि सोल्डरिंग या कामांसाठी असे बरेच दिवे वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: उजेड किती हे नंतर बघा, उजेड कुठून येतो ते आधी ठरवा. डोळा, हात आणि काम यांच्या संदर्भात दिवा कुठे बसतो त्यावर सावली कुठे पडणार हे ठरतं. सावली नेमकी स्क्रूच्या डोक्यावर पडली की हजार लुमेनही कामाचे नाहीत.

## सुरुवातीला जवळ काय ठेवावं

- मोजायची टेप किंवा फूटपट्टी
- एक कोरा पांढरा कागद
- कॅमेरा असलेला मोबाईल
- लाल, तपकिरी आणि नारिंगी वायरचा एकेक तुकडा
- काळ्या कापडाचा तुकडा आणि त्यात काळ्या दोऱ्याचे दोन-चार टाके
- काम करताना तुम्ही जे घालता ते सगळं: चष्मा, टोपी, हेल्मेट, हातमोजे

दिवा विकत घेतल्यावर त्याचं माहितीपत्रक आणि पावती जपून ठेवा. बॅटरी कोणती चालते आणि कोणती चालत नाही हे बहुतेक वेळा फक्त त्या बारीक अक्षरांतल्या कागदावरच असतं.

## १. आधी काम बघा

दिवसा, चांगल्या उजेडात ते काम एकदा करा आणि टिपून ठेवा. डोळा कामापासून किती दूर असतो ते टेपने मोजा. शिवण, सोल्डरिंग, घड्याळ अशा कामांत हे अंतर बहुधा २५ ते ४० सेंटिमीटर भरतं. पाना घेऊन यंत्रात वाकलात तर अर्धा मीटर किंवा जास्त. मान सारखी फिरते की एकाच जागी खिळलेली असते? कोणता हात कामाच्या वर येतो? एका बैठकीला किती वेळ जातो? दहा मिनिटं हलका वाटणारा दिवा दोन तासांनी कपाळात रुतायला लागतो.

समोर दुसरं कुणी असतं का, हेही लिहा. असेल तर कपाळावरचा दिवा तुम्ही मान वर केली की दर वेळी थेट त्याच्या डोळ्यांत जाणार.

## २. दिवा कुठे बसणार ते ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

कपाळावर. हेडलॅम्पचा मोठा फायदा म्हणजे तुम्ही बघाल तिकडे उजेड येतो, आणि दिवा डोळ्यांच्या जवळ असल्यामुळे वस्तूची सावली तिच्या मागेच लपते. कान-नाक-घशाचे डॉक्टर कपाळावर भोक असलेला गोल आरसा लावायचे, तो याच तत्त्वावर चालायचा: डॉक्टर भोकातून बघणार आणि उजेड त्याच रेषेत आत जाणार. आपला हेडलॅम्प मात्र डोळ्यांच्या रेषेत नसतो, तो सहा-सात सेंटिमीटर वर असतो. लांबच्या कामाला याने काही बिघडत नाही. ३० सेंटिमीटरवरून एखाद्या अरुंद भोकात डोकावलात तर मात्र झोत बारा-तेरा अंशांनी तिरपा पडतो आणि भिंतीवरच अडतो. दोन सेंटिमीटर रुंदीच्या भोकात तो आठ-नऊ सेंटिमीटरच्या खाली पोचतच नाही. नवखा माणूस मग दिवा आणखी प्रखर करतो. भोकाचा काठ लखलखतो आणि तळ होता तितकाच काळा राहतो.

दुसरी गंमत चष्म्याची. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर जवळचं बघताना तुम्ही हनुवटी उचलता आणि काचेच्या खालच्या भागातून बघता. कपाळ मागे जातं आणि त्याबरोबर झोत कामाच्या वर. अशांनी दिवा नेहमीपेक्षा बराच खाली झुकवता येतो का ते घेण्याआधी बघावं. शिवाय काही दिव्यांचा उजेड चष्म्याच्या वरच्या कडेवर पडून डोळ्यांत चमकतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे पुढे कड असलेली टोपी घालून दिवा कडेच्या वर बांधणे.

टोपीच्या कडेला. चिमट्याने बसणारा छोटा दिवा. हलका, डोक्याला पट्टा नाही, घामाचा त्रास नाही. पण कड मऊ असेल तर दिव्याच्या वजनाने ती खाली झुकते आणि झोत तुमच्या पोटावर येतो. कडक कडेच्या टोपीवरच हे दिवे शोभतात.

गळ्यात. घोड्याच्या नालासारखा वाकलेला, दोन टोकांना दोन दिवे असलेला प्रकार. विणकाम, वाचन, मोबाईल दुरुस्ती, मॉडेल रंगवणं अशा मांडीवरच्या किंवा टेबलावरच्या कामाला मला हाच सगळ्यात जास्त आवडतो. दोन्ही बाजूंनी उजेड येत असल्यामुळे एका हाताची सावली दुसरा दिवा पुसून टाकतो, आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. तोटा असा की मान वळवली तरी उजेड वळत नाही. आडवं पडून काम असेल तर हा दिवा सरळ सरकतो. तिथे तो विसरा.

छातीवर. धूळ, धूर, वाफ किंवा धुकं असेल तिथे छातीवरचा दिवा कपाळावरच्यापेक्षा सरस. कपाळावरचा झोत डोळ्यांसमोरच्या कणांवर आपटून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. दिवा खाली नेला की तो पडदा विरळ होतो. हवेत हात वर करून करायच्या कामाला मात्र हा चालत नाही, कारण स्वतःचेच हात आडवे येतात.

चष्म्यावर किंवा दांडीवर. दोन भिंगांच्या मधोमध बसणारा दिवा डोळ्यांच्या रेषेच्या सगळ्यात जवळ असतो, म्हणून दंतवैद्य आणि सर्जन भिंगाच्या चष्म्यावर असा दिवा लावतात. अरुंद आणि खोल जागेचं उत्तर हेच. वजन नाकावर येतं, त्यामुळे बॅटरी वेगळी, वायरने जोडून खिशात ठेवायची सोय असेल तर उत्तम. चष्म्याच्या दोन दांड्यांवर लावायचे स्वस्तातले जुळे दिवे फार तर थोडा वेळ वाचायला बरे.

बोटावर किंवा हातमोज्यावर. जाहिरातीत फार छान दिसतात. प्रत्यक्षात हात हलला की उजेड हलतो आणि सावल्या नाचू लागतात. डोळ्यांना त्याचा पटकन शीण येतो. हात घालून चाचपडावं लागतं अशा जागी, थोडा वेळ, एवढाच त्यांचा उपयोग. हातमोज्याचा दिवा घेतलाच तर मोजा धुण्यासाठी दिवा काढता येतो का ते बघा.

चुंबकाने चिकटणारा. यंत्र, गाडीचं बॉनेट, लोखंडी कपाट यांवर बसतो. घरातल्या किती गोष्टींना चुंबक चिकटत नाही हे दिवा हातात आल्यावरच कळतं: ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, प्लॅस्टिक, आणि स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकार. कामाच्या जागी आधी एखादं साधं चुंबक लावून बघा. रंगवलेल्या पत्र्यावर दिवा लावण्याआधी त्याचं बूड पुसा. तिथे लोखंडाचा कीस जमतो आणि तोच रंगावर ओरखडे काढतो.

क्लिप आणि वाकणारी मान. टेबलाच्या कडेला चिमटा, त्यावर हवी तशी वळणारी नळी आणि टोकाला दिवा. एकाच जागी बसून करायच्या कामाला अंगावर काही लावण्यापेक्षा हे बरं. घेताना दोन गोष्टी मोजा: चिमट्याचा जबडा किती उघडतो आणि तुमच्या टेबलाची कड किती जाड आहे. नळी पूर्ण लांब करून सोडा. टोक हळूहळू खाली येत असेल तर सहा महिन्यांत ती आणखी सैल होणार.

हेल्मेटवर. हेल्मेटला दिव्यासाठी खाच किंवा क्लिप असेल तर तीच वापरा. भोक पाडू नका, स्क्रू मारू नका. कोणताही गोंदही लावू नका, काही गोंदांमधल्या रसायनाने कवच ठिसूळ होतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

एकच घ्यायचा असेल तर झोत रुंद असलेला, खाली पुरेसा झुकणारा हेडलॅम्प घ्या. त्यातही डोक्याच्या पट्ट्यातून निघणारा, बुडाला चुंबक असलेला, काटकोनात वाकलेला टॉर्च मिळाला तर एकात दोन कामं होतात. दोन घेण्याची तयारी असेल तर एक कपाळावर आणि एक बाजूला चिकटवून ठेवा. कपाळावरच्या उजेडात सावल्या नाहीशा होतात, तसा पृष्ठभागाचा उंचसखलपणाही दिसेनासा होतो. पोचा, तडा, उसवलेली शिवण दिसायला उजेड बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर यावा लागतो.

## ३. किती उजेड लागतो याचा हिशेब

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. लक्स म्हणजे कामावर प्रत्यक्ष पडणारा उजेड, एका चौरस मीटरवर एक लुमेन म्हणजे एक लक्स. तुम्हाला लक्सशी मतलब आहे आणि खोक्यावर छापलेले असतात लुमेन.

१०० लुमेनचा रुंद झोत ४० सेंटिमीटरवर साधारण ४५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पसरला तर तिथे सरासरी ६०० लक्सच्या आसपास उजेड पडतो. युरोपच्या ईएन १२४६४-१ या मानकात कार्यालयात लिहिण्या-वाचण्यासाठी ५०० लक्स आणि हाताने घड्याळ जुळवण्यासाठी १,५०० लक्स सांगितले आहेत. म्हणजे हाताच्या अंतरावरच्या बहुतेक कामाला १०० ते २५० लुमेन भरपूर झाले. हजार लुमेन हाताजवळ लावले तर पांढरा कागद आणि चकचकीत नट तुमच्यावरच उजेड फेकतील.

अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. चुंबकाचा दिवा ३० सेंटिमीटरवरून ६० सेंटिमीटरवर गेला की कामावर पाव उजेड उरतो. दिवा बदलण्याआधी तो जवळ आणून बघा.

वय हा हिशेबातला दुसरा भाग. वाढत्या वयात बाहुली लहान होते आणि डोळ्याचं भिंग पिवळसर होतं. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. त्यामुळे आईवडिलांसाठी दिवा निवडताना स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका, त्यांनाच लावून बघायला द्या.

उजेडाच्या किमान तीन पायऱ्या हव्यात आणि सगळ्यात खालची खरोखर मंद हवी. बटण दाबलं की आधी सगळ्यात प्रखर उजेड आणि शेवटी लुकलुक, असे दिवे मी सरळ नाकारतो. सुईत दोरा ओवताना कुणालाही लुकलुकणारा दिवा नको असतो.

## ४. झोताचा आकार आणि उजेडाचा रंग

दिवा पांढऱ्या कागदावर ४० सेंटिमीटरवरून पाडा. मधे प्रखर ठिपका आणि भोवती अंधार दिसला तर तो लांबचं बघायचा दिवा आहे. जवळच्या कामाला काठापर्यंत सारखा पसरलेला उजेड हवा. निळसर कडा, पिवळी वलयं, मधे काळा डाग असं काही दिसलं तर ते रोज कामावर दिसत राहणार.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात: ३,००० च्या आसपास पिवळसर, ४,००० ते ५,००० मधला, ६,५०० निळसर पांढरा. मला कामाला मधला बरा वाटतो, पण ही आवडीची गोष्ट आहे. सीआरआय आवडीवर सोडता येत नाही. या उजेडात रंग किती खरे दिसतात ते हा आकडा सांगतो, कमाल १००. स्वस्त एलईडी ७० च्या आसपास असतात. वायर जोडणं, शिवण, रंगकाम, जखमेची मलमपट्टी यासाठी ९० किंवा वर बघा. आकडा छापलेला नसेल तर तो कमी आहे असं धरून चला.

आता वायरचे तुकडे काढा. खोलीतले बाकी दिवे बंद करून लाल, तपकिरी आणि नारिंगी शेजारी ठेवा. वाईट एलईडीखाली तपकिरी आणि लाल एकमेकांत मिसळतात. मग काळ्या कापडावरचे काळे टाके बघा. दिवा समोरून धरला तर टाके दिसत नाहीत. तोच दिवा बाजूला, कापडाच्या पातळीवर आणला की प्रत्येक टाक्याची बारीक सावली उभी राहते आणि टाके मोजता येतात. ही चाचणी दिव्यापेक्षा त्याच्या जागेबद्दल जास्त शिकवते.

लाल उजेडाची सोय बऱ्याच हेडलॅम्पमध्ये असते. अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि मंद लाल उजेडाने तो सराव फारसा मोडत नाही, म्हणून आकाश बघणाऱ्यांना तो लागतो. वायरिंगला तो चुकूनही वापरू नका. लाल उजेडात लाल वायर पांढऱ्यासारखी दिसते आणि कागदावरची लाल खूण गायब होते.

## ५. बॅटरी: इथेच सगळ्यात जास्त फसवणूक

साधे सेल की चार्जिंग? कधीतरीच लागणाऱ्या दिव्याला डबल-ए किंवा ट्रिपल-ए सेल बरे. रोज वापरायला चार्जिंगचा. साधे अल्कलाइन सेल दिव्यात विसरले तर गळतात आणि आतले पत्रे खातात. म्हणून कधीतरीचा दिवा ठेवताना सेल बाहेर काढून शेजारी ठेवा.

आकड्यांची थाप. १८६५० हा नेहमीचा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो, नावच मापावरून आलं आहे. खऱ्या सेलची क्षमता साधारण २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास. या मापाच्या सेलवर ९,९०० छापलेलं दिसलं तर तो आकडा खोटा आहे, आणि जो हा आकडा खोटा छापतो तो दिव्याचे लुमेनही खरे छापणार नाही.

दिसायला सारखे, दाबाला वेगळे. १४५०० हा लिथियम सेल डबल-ए एवढाच असतो, पण डबल-ए १.५ व्होल्टचा आणि हा ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर डबल-एच्या दिव्यात तो घालू नका. दिवा क्षणभर झकास पेटतो आणि जळून जातो.

किती तास चालतो? टॉर्च आणि हेडलॅम्पसाठी एफएल-१ नावाचं अमेरिकी मानक २००९ मध्ये आलं. त्यानुसार चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. तेव्हा ‘३०० लुमेन, ८ तास’ याचा अर्थ आठ तास ३०० लुमेन असा घेऊ नका. अनेक दिवे सगळ्यात प्रखर पायरीवर काही मिनिटांतच गरम होऊन आपोआप मंदावतात. सलग काम असेल तर मधल्या पायरीचे तास बघा.

टाइप-सीचा सापळा. दिव्याला टाइप-सीचं तोंड आहे, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली की काहीच होत नाही. अशा वेळी दिवा परत करण्याआधी एका बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल लावून बघा. वीज हवी आहे हे चार्जरला कळवणारे दोन छोटे रेझिस्टर काही उत्पादक वाचवतात, त्याचा हा परिणाम.

चार्ज होताना दिवा वापरता येतो का, आणि बॅटरी संपत आल्याची सूचना मिळते का, हेही विचारून घ्या. शिडीवर असताना अचानक अंधार होणं महागात पडतं.

## ६. पाणी, धूळ आणि वायू

दिवा धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित आहे ते आयपी आकडा सांगतो: पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि अंकाच्या जागी एक्स असेल तर त्या बाबतीत काही सांगितलेलं नाही. आयपीएक्स४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडणारे शिंतोडे चालतील. आयपी६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण नीट बसवलेलं असेल तरच, हे गृहीत आहे.

गॅसचा वास येतोय, पेट्रोलची वाफ आहे, बंद टाकीत उतरायचं आहे, अशा ठिकाणी साधा हेडलॅम्प लावून जाऊ नका. बटणाची ठिणगीसुद्धा पुरते. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणीसाठी जाळीचा दिवा बनवला तो याच धोक्यामुळे. आज यासाठी स्फोटक वातावरणात वापरण्याचं प्रमाणपत्र असलेले वेगळे दिवे मिळतात. साध्या दिव्यावर कितीही ‘औद्योगिक’ लिहिलेलं असलं तरी प्रमाणपत्राची खूण नसेल तर तो साधाच.

## ७. अंगावर लावून बघा

- हेडलॅम्प बांधून मान झटकन खाली करा, मग दोन्हीकडे हलवा. दिवा सरकला तर पट्टा आवळा. आवळून कपाळ दुखायला लागलं तर तो दिवा तुमचा नाही.
- पुढे सगळं वजन असलेला दिवा १०० ग्रॅमच्या वर गेला की डोक्यावरून जाणारा तिसरा पट्टा किंवा बॅटरी मागे असलेली रचना हवी.
- दिवा वरखाली करताना टक्-टक् असे खाचेत बसायला हवा. नुसता घर्षणावर टिकणारा सांधा काही दिवसांनी सैल होतो आणि चालताना झोत आपोआप पायांवर येतो.
- हातमोजे घालून बटण शोधा. डोळे मिटून सापडलं पाहिजे.
- हात हलवून चालू-बंद होणारा सेन्सर असेल तर तो बंद ठेवता येतो का? जवळच्या कामात तुमचा हात सारखा दिव्यासमोरून जातो आणि दिवा विझत राहतो.

## ८. पहिल्या दिवशी लावताना

खोलीतला दिवा बंद करू नका. काळोखात एकच लखलखीत वर्तुळ असलं की नजर प्रत्येक वेळी उजेडातून अंधारात जाते आणि डोळे थकतात. वर सांगितलेल्या मानकात कामावर ५०० लक्स असतील तर लगतच्या भागात ३०० लक्स धरले आहेत, त्यावरून अंदाज घ्या.

बाजूचा दिवा लावताना तो ज्या हाताने हत्यार धरता त्याच्या विरुद्ध बाजूला आणि थोडा वर ठेवा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला डावीकडून उजेड. चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यांत येत असेल तर उजेड कमी करण्याआधी दिव्याचा कोन बदला. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल घालत असाल तर दिवा ढालीच्या बाहेर लावा, आत लावलात तर तो ढालीवरून परत तुमच्याच डोळ्यांत येईल.

रात्री उघड्यावर काम असेल तर किडे थेट चेहऱ्यावर येतात. दिवा अंगावरून काढून थोड्या अंतरावर लावा आणि पिवळसर उजेडाची सोय असेल तर ती वापरा. निळसर पांढऱ्याकडे किडे जास्त ओढले जातात.

## ९. जिथे इजा होऊ शकते

फिरणारी यंत्रं. लेथ, ड्रिल, ग्राइंडर यांच्याजवळ गळ्यातला दिवा, लोंबणारा पट्टा, खिशातल्या बॅटरीची वायर यातलं काहीही नको. गळ्यातला दिवा वापरायचाच असेल तर ओढ बसताच सुटणारा जोड असलेला घ्या, आणि यंत्र चालू असताना तोही काढा.

न दिसणारी लुकलुक. बरेच एलईडी मंद करताना प्रत्यक्षात फार वेगाने चालू-बंद होत असतात. अशा उजेडात फिरणारा भाग थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा दिसू शकतो. दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा: सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले तरी तेच. मंद पायरीवर आवर्जून तपासा, दोष तिथेच उघडा पडतो.

चुंबक. पेसमेकर किंवा तसलं उपकरण शरीरात असलेल्या माणसाने चुंबकाचा दिवा छातीच्या खिशात ठेवू नये. निदान १५ सेंटिमीटर अंतर असावं.

वीज. उघड्या पॅनेलवर धातूच्या अंगाचा चुंबकाचा दिवा लावणं म्हणजे वर टांगलेलं संकट. तो निसटला तर थेट चालू तारांवर पडतो. तिथे प्लॅस्टिक किंवा रबराच्या अंगाचा दिवा, तोही डोक्यावर.

डोळे. चालू हेडलॅम्प समोर धरून ‘लागला का’ असं बघायची सवय अनेकांना असते. कागदावर पाडून बघा. लहान मुलांच्या हातात प्रखर दिवा खेळायला देऊ नका.

## १०. सांभाळ

पट्टा काढता येत असेल तर अधूनमधून कोमट पाण्यात साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. घामाने इलॅस्टिक सैल पडतं आणि दिवा सरकण्याचं खरं कारण बऱ्याचदा तेच असतं. काच मऊ ओल्या कापडाने पुसा, थिनर किंवा पेट्रोल लावलं तर प्लॅस्टिकची काच कायमची धुरकट होते.

बॅगेत ठेवताना बटण कुलूपबंद करायची सोय वापरा. बरेच दिवे बटण काही सेकंद दाबून ठेवल्यावर असे कुलूपबंद होतात; सोय नसेल तर मागचं झाकण अर्धा फेरा सैल करून बघा. प्रखर दिवा बॅगेत चालू राहिला तर बॅटरी तर संपतेच, शिवाय कापडही जळू शकतं.

लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर अर्धी भरून, थंड जागी ठेवा. गोठणबिंदूच्या खालच्या तापमानात चार्ज करू नका. सुटे सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात.

सेल फुगला, त्याचं वेष्टन फाटलं किंवा चार्ज होताना तो हाताला सोसणार नाही इतका गरम झाला, की त्याचं काम संपलं. तो पुन्हा चार्जरला लावू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, इतर सेलपासून वेगळा ठेवा आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रावर नेऊन द्या.